मामांच्या मागोमाग, चिखलवाडी ते शिवाजी मंदिर

साल १९५७. ग्रँट रोडला ट्राममधून उतरा आणि नाना चौकाच्या बाजूला वळा. मुंबईत ट्राम अजून सात वर्षं टिकणार आहे. ३१ मार्च १९६४ च्या रात्री मुंबईची शेवटची ट्राम बोरीबंदरहून दादरला जाईल. आत्ता मात्र ट्रामची घंटा, व्हिक्टोरियाच्या घोड्यांच्या टापा आणि इराण्याच्या दारातून येणारा ब्रूनचा वास, सगळं जागच्या जागी आहे. भिंतींवर संयुक्त महाराष्ट्राच्या घोषणा रंगवलेल्या आहेत. थोडं पुढे गेलात की चिखलवाडी.

संध्याकाळची वेळ आहे. शाळा सुटलीय, दप्तरं कोपऱ्यात पडलीयत आणि वाडीत टेनिसच्या चेंडूचं क्रिकेट रंगलंय. ह्या वाडीत वाढणाऱ्या दोन मुलांकडे नीट बघून घ्या. एक आठेक वर्षांचा, गावस्करांचा सुनील. चौदा वर्षांनी तो वेस्ट इंडिजमध्ये पहिल्याच कसोटी मालिकेत ७७४ धावा काढेल. दुसरा त्याच्याहून दोन वर्षांनी मोठा, सराफांचा अशोक. घराणं मूळचं बेळगावचं, जन्म ४ जून १९४७ चा, स्वातंत्र्याच्या जेमतेम सव्वादोन महिने आधीचा. नाव ठेवलंय ते सिनेमातल्या अशोककुमारवरून. एकाच वाडीनं महाराष्ट्राला दोन अशी माणसं दिली, की ज्यांच्या पुढच्या हालचालीकडे सगळ्यांनी श्वास रोखून बघावं. तुम्हाला आत्ताच त्या मुलांना हे सांगून टाकावंसं वाटेल. नका सांगू. त्यांना खेळू द्या.

त्याऐवजी जरा मान वर करा. गिरगावातली, ग्रँट रोडची कुठलीही चाळ घ्या. गॅलरी म्हणजे तिचा खरा दिवाणखाना. तिथे दाढी होते, तांदूळ निवडले जातात, भांडणं होतात, पत्रं वाचली जातात. कुणाच्या घरी पाहुणे आले, ते किती दिवस राहणार आणि कशाला आले, हे चौथ्या मजल्यापर्यंत पोचलेलं असतं. पहिल्या खोलीतले जोशी कसे खाकरतात, कोपऱ्यातल्या काकू नळावर भांडताना पदर कसा खोचतात, नोकरी सुटलेला माणूस ते लपवण्यासाठी डबा घेऊन वेळेवर कसा निघतो, हे मुलांना न शिकवता कळतं. अशोक सराफ ह्या नटाच्या गाठोड्यात पुढे कारकून, हवालदार, घरमालक, भाडेकरू, भूत आणि मुख्यमंत्र्यांच्या अवतीभवती घुटमळणारे पुढारी निघतील. त्यातला बराचसा माल ह्या गॅलऱ्यांतून जमा झालेला आहे, असं मला ठामपणे वाटतं. चाळीत माणूस एकटा नसतो, त्यामुळे त्याला सतत थोडं नाटक करावंच लागतं. ते नाटक आणि त्यामागची काळजी एकदम दिसायला लागली की विनोदी नट तयार होतो.

ह्या अशोकला एक मामा आहे. गोपीनाथ सावकार. गोव्याकडचा माणूस, नट, दिग्दर्शक, ‘कलामंदिर’ ही नाटक कंपनी चालवणारा, संगीत नाटकात मुरलेला. दुसऱ्या मुलांचे मामा सुट्टीत आंबे आणतात. ह्याच्या मामाबरोबर घरात नाटक येतं. वडिलांना मात्र मुलानं नीट नोकरी करावी असं वाटतं, आणि त्यांचंही चूक नाही. १९५० च्या दशकातल्या गिरगावात नाटकवाल्याला घर भाड्यानं मिळणं कठीण, मुलगी मिळणं त्याहून कठीण.

आता बारा वर्षं पुढे या. १९६९. चर्नी रोडला उतरून केळेवाडीत शिरा. मुंबई मराठी साहित्य संघाची इमारत १९६४ साली उभी राहिली, म्हणजे भिंतींचा नवेपणा पुरता गेलेला नाही. समजा, आजचा प्रयोग इथे आहे. नाटक वि. वा. शिरवाडकरांचं, ‘ययाति आणि देवयानी’. संगीत जितेंद्र अभिषेकींचं. बायकांच्या गजऱ्यांचा वास, पानाच्या डब्या, मागच्या रांगेत बसून गाण्याला ‘वन्स मोअर’ घ्यायला टपलेले जुने दर्दी. तिसरी घंटा होते. आणि थोड्या वेळानं रंगमंचावर विदूषक येतो. बावीस वर्षांचा अशोक सराफ.

संगीत नाटकातला विदूषक ही अवघड नोकरी आहे. प्रेक्षक गाण्यासाठी आलेले असतात. गवय्या नट तान संपवून श्वास घेतो त्या फटीत विदूषकानं हशा मिळवायचा आणि पुढचा सूर लागायच्या आत तो हशा आवरायलाही लावायचा. एक क्षण लवकर बोललात तर टाळ्यांत वाक्य बुडतं, एक क्षण उशीर केलात तर पेटी सुरू होते. पुढे पन्नास वर्षं लोक ज्याला ‘अशोक सराफांचं टायमिंग’ म्हणतात, ते मला इथे दिसतं. सिनेमानं ते मोठं केलं. रुजलं ते तंबोऱ्याच्या आणि तबल्याच्या शेजारी.

प्रयोग संपून रात्री घरी पोचेपर्यंत किती वाजले असतील ते असोत, सकाळी ह्या विदूषकाला स्टेट बँकेत हजर व्हायचंय. वडिलांच्या शब्दाखातर धरलेली ती नोकरी त्यानं दहा वर्षं केली. तुम्ही काउंटरच्या अलीकडे उभे राहून बघा. खातेवह्या, शाईचे डाग, टोकनचा नंबर पुकारणारा शिपाई. त्या काळातलं मराठी नाटक असंच चाललेलं आहे. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे डॉक्टर, काशिनाथ घाणेकर दातांचे, दिलीप प्रभावळकर औषधाच्या कंपनीत. मुंबईची मराठी रंगभूमी पगारदार माणसांनी रात्रीच्या झोपेतून वेळ काढून उभी केली. त्यांच्या विनोदाला आणि त्यांच्या शोकांतिकेला, दोन्हींना महिनाअखेरीची जाण आहे ती त्यामुळे.

बँकेतून बाहेर पडा आणि सरळ लालबागला चला. १९७५. डॉ. आंबेडकर रोडवर भारतमाता सिनेमा आहे. बाजूला गिरणीची लांबच लांब भिंत. भोंगा झाला की ह्या रस्त्यावर माणसांचा लोंढा येतो. केसांत, भुवयांवर कापसाचे तंतू. पहिली पाळी सुटलेली माणसं घरी डबा टाकून थेट तिकिटाच्या रांगेत उभी राहतात. त्यांच्यात शिरा, तिकीट काढा, बाकड्यावर जागा धरा.

पडद्यावर ‘पांडू हवालदार’. दादा कोंडक्यांनी स्वतः दिग्दर्शित केलेला पहिला चित्रपट. दादा ह्याच मातीतले, नायगाव-लालबागच्या गिरणी कामगारांच्या वस्तीत वाढलेले, अपना बाजारात नोकरी केलेले. ह्यांना ते आपल्या गल्लीतलेच वाटतात आणि आहेतही. दादा पडद्यावर आले की थिएटर उसळतं. अशा माणसासमोर उभं राहून लक्ष वेधून घेणं हे भल्याभल्यांना जमत नाही. पण आता बघा, हवालदार सखाराम आला. गिरगावचा तो विदूषक खाकी हाफपँटमध्ये आहे. दादा मोकळे, अघळपघळ, प्रेक्षकांच्या खांद्यावर हात टाकल्यासारखे बोलणारे. हा सखाराम अंग चोरून, डोळे फिरवून, मनातल्या मनात हिशेब करणारा. दोघे एकमेकांना उंच करत नेतात. बाहेर पडताना लोक पांडूच्या नकला करतात, पण त्यांच्या तोंडी दोन नावं असतात. दोन वर्षांनी ‘राम राम गंगाराम’मध्ये ही जोडी पुन्हा येईल, आणि त्यातल्या म्हमदूसाठी अशोक सराफांना फिल्मफेअर मिळेल.

ह्याच दशकाच्या शेवटी एक संध्याकाळ ‘हमिदाबाईची कोठी’साठी राखून ठेवा. अनिल बर्वे यांचं नाटक, विजया मेहतांचं दिग्दर्शन, रंगमंचावर नीना कुलकर्णी, भारती आचरेकर, नाना पाटेकर आणि लुक्का दादाच्या भूमिकेत अशोक सराफ. ज्यांनी सखारामला पाहून पोट धरलंय, ते इथे गप्प होऊन बसतात. तो लुक्का दादा उतरत्या कोठीला आपल्या परीनं सावरून धरतो. मी हे मुद्दाम दाखवतोय, कारण आपल्याकडे हसवणाऱ्या माणसाला ‘तो आपला हसवतो’ एवढ्यावर सोडून द्यायची वाईट सवय आहे.

मधेच एका चित्रीकरणाच्या जागी डोकावून या. कॅमेरामनची लहान मुलगी सेटवर आलेली आहे. वडील तिला सांगतात, हे बघ, हे अशोकमामा. पोरीनं हाक मारली, मग कॅमेरामननं, मग लाइटवाल्यांनी, मग चहा देणाऱ्या मुलानं. मामा हे नाव असं पडलं, असं ते स्वतः सांगतात. खरं तर तेव्हा ते काही म्हातारे नव्हते. पण नाव चिकटलं, सेटवरून थिएटरात गेलं आणि थिएटरातून घराघरांत.

मला ते नाव चिकटण्यामागे आणखी एक कारण दिसतं. आपल्या लग्नात गुरुजी आवाज देतात, मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं. मग इतका वेळ कुठे तरी वाढप्यांशी बोलत, नाहीतर हरवलेली बॅग शोधत असलेला एक माणूस घाम पुसत पुढे येतो, भाचीला हाताला धरून बोहल्यापाशी आणतो आणि तिच्या मागे उभा राहतो. मामा तो. वडील रागावतात तेव्हा पाठीशी घालणारा, खिशात असेल नसेल ते हातावर ठेवणारा, आईसमोर आपल्यासाठी खोटं बोलणारा. आता अशोक सराफांच्या भूमिका आठवा. १९८५ च्या ‘धूमधडाका’त मित्राचं लग्न जमावं म्हणून हा पाईप ओढत, खोकत खोकत खोटा श्रीमंत बाप होतो. तो खोकला महाराष्ट्रातल्या पोरासोरांनी पाठ केला. पण त्या सोंगाचा सगळा खटाटोप दुसऱ्याच्या संसारासाठी आहे, हे विसरू नका. त्यांच्या कितीतरी गाजलेल्या भूमिकांमध्ये हा माणूस दुसऱ्याचं ओझं आपल्या डोक्यावर घेऊन धावत असतो. प्रेक्षकांनी त्याला मामा म्हटलं ते उगीच नाही.

आता लालबागला परत या, पण तयारी करून. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. भारतमाताच्या बाजूची ती भिंत तशीच उभी आहे, पण भोंगा नाही. भुवयांवर कापूस घेऊन येणारी माणसं नाहीत. कुणी गावी गेलं, कुणी भाजीची गाडी लावली, बायकांनी डबे करायला घेतले, मुलांनी शाळा सोडल्या. कित्येक गिरण्या पुन्हा पूर्ण ताकदीनं सुरूच झाल्या नाहीत.

आणि ह्याच वर्षांत मराठी पडदा विनोदानं भरून जातो. ‘एक डाव भुताचा’, ‘नवरी मिळे नवऱ्याला’, ‘धूमधडाका’, ‘गंमत जंमत’. समीक्षकांनी तेव्हा पुष्कळ नाकं मुरडली. आचरट, बाष्कळ, साचेबंद. काही चित्रपटांच्या बाबतीत ते खरंही होतं. पण भारतमातात त्या माणसांच्या शेजारी बसून बघा. ज्याच्या घरात चार वर्षं पगार आलेला नाही, तो दोन तास मोठ्यांदा हसतोय. त्याच्या मुलानं आपल्या बापाला असं हसताना बरेच दिवसांत पाहिलेलं नाही. मुलगा पडद्याकडे कमी आणि बापाकडे जास्त बघतोय. ह्या हशाची किंमत मी कुणाला कमी लेखू देणार नाही.

१९८८. ‘अशी ही बनवाबनवी’. सचिन पिळगावकरांचं दिग्दर्शन, वसंत सबनीसांचे संवाद. मूळ कल्पना हृषीकेश मुखर्जींच्या १९६६ च्या ‘बीवी और मकान’ची. कथा पुण्यात घडते, पण ती लालबाग-परळच्या प्रेक्षकाला कुणी समजावून सांगावी लागत नाही. चार तरुण, डोक्यावर छप्पर नाही, खोली फक्त जोडप्यांना मिळणार. गिरणगावातल्या गाळ्यांमध्ये एकेका खोलीत दहा-दहा, वीस-वीस माणसं पाळीपाळीनं झोपलेली आहेत. एक कामावरून आला की त्याच्या वळकटीवरून दुसरा उठायचा. जागेसाठी माणूस काय वाट्टेल ते सोंग करील, हे त्यांना माहीत आहे.

म्हणून आता पडद्यावर अशोक सराफांच्या धनंजय मानेकडे बघा. लक्ष्मीकांत बेर्डे आणि सचिन साड्या नेसून धमाल उडवतायत, तुमची नजर आपोआप तिकडे जाईल; ती जरा ओढून मान्यांकडे आणा. लक्ष्मीकांत धांदल करतो, हा सावरतो. समोरचा प्रश्न विचारतो आणि उत्तर द्यायच्या आधी मान्यांच्या चेहऱ्यावर क्षणभर काही तरी हलतं: खोटं शोधलं जातं, तपासलं जातं, मग इस्त्री करून बाहेर काढलं जातं. सुधीर जोशींच्या घरमालकासमोर सत्तर रुपयांचा हिशेब देताना तो अजिबात हसत नाही. तो मनापासून गंभीर आहे. हसायचं काम त्यानं तुमच्याकडे सोपवलेलं आहे. चौघांना घर मिळावं, कुणी उघडं पडू नये, ह्या काळजीनं तो पिळवटलाय आणि त्या काळजीतून थिएटर कोसळतंय. ह्या माणसाचं सगळं कसब मला त्या न हसणाऱ्या चेहऱ्यात दिसतं.

त्याच्या शेजारी जो धांदल करतोय, तोही गिरगावच्याच परिसरातला. लक्ष्मीकांत कुंभारवाड्यात वाढला, साहित्य संघात नोकरी करत नाटकाकडे सरकला. दोघांचे खेळ अगदी वेगळे. लक्ष्मीकांत धावत येऊन बॉल मारतो. अशोक सराफ तो उशिरा, अंगाजवळ येऊ देऊन वळवतात. एकमेकांना खाऊन टाकायची संधी प्रत्येक दृश्यात होती आणि दोघांनी ती घेतली नाही. १६ डिसेंबर २००४ ला लक्ष्मीकांत पन्नाशीत गेला. त्या दिवशी तुम्हाला मी कुठेही नेणार नाही.

दादरच्या गर्दीतून पुढची वर्षं भरभर ओलांडू या. १९९५ मध्ये ‘करण अर्जुन’मधला मुनशी आणि त्याच साली सुरू झालेल्या ‘हम पाँच’मधले पाच मुलींचे बाप आनंद माथुर, ह्यांच्यामुळे देशभरातल्या लोकांना कळलं की हा नट कोण. श्री शिवाजी मंदिरच्या पायऱ्यांवर मात्र तो आधीपासून घरचाच. १९६५ पासून उभ्या असलेल्या त्या नाट्यगृहाखाली उभं राहून बोर्ड वाचणं हा दादरकरांचा नित्यक्रम. बोर्डावर ‘अशोक सराफ’ दिसलं की लोक कुठलं नाटक ते नंतर वाचतात. सिनेमानं एवढं दिल्यावरही ते नाटकाकडे येत राहिले. सत्तरी ओलांडल्यावर निर्मिती सावंत यांच्याबरोबर ‘व्हॅक्यूम क्लीनर’चे प्रयोग केले. शनिवार-रविवारचे प्रयोग, बसचा प्रवास, रोज तीच वाक्यं आणि रोज नवा प्रेक्षक. पहिल्या रांगेतली आजी आणि तिची नात एकाच वाक्याला हसतात तेव्हा त्या दोघींमधलं अंतर साठ वर्षांचं असतं.

बाहेरची मुंबई तोवर पार बदललेली असते. गिरण्यांच्या जागी काचेचे मनोरे आले. परळचं दामोदर नाट्यगृह, कामगार रंगभूमीचं १९२२ पासूनचं घर, पुनर्विकासासाठी २०२३ मध्ये बंद झालं. गिरगावातल्या गॅलऱ्या एकेक करून खाली येतायत. ज्या चाळींनी हे नट घडवले, त्या राहिल्या नाहीत तर पुढचे कुठून येतील, ह्याची मला खरोखर काळजी वाटते. बंद दारांच्या मजल्यावर शेजारी कसा खाकरतो ते मुलांना कळणार कसं?

२०२३ चा महाराष्ट्र भूषण मामांना मिळाला. २५ जानेवारी २०२५ च्या संध्याकाळी पद्म पुरस्कारांची यादी आली, तीत पद्मश्री अशोक सराफ हे नाव होतं. आणि त्याच्या दोनच महिने आधी, सत्त्याहत्तराव्या वर्षी, मामांनी ‘अशोक मा.मा.’ ही रोजची मालिका करायला घेतली होती. तीत ते झाले शिस्तीचे, कडक माजगावकर. रोजच्या मालिकेचं चित्रीकरण किती तास चालतं, हे त्या धंद्यातल्या कुणालाही विचारा. गिरगावातून बँक आणि नाटक दोन्ही सांभाळणाऱ्या मुलाची ती जुनी सवय अजून सुटलेली नाही.

आता तुमच्या स्वतःच्या वर्षात परत या. ‘बनवाबनवी’ तुम्हाला तोंडपाठ आहे, ती आज राहू द्या. संजय सूरकरांचा १९९१ चा ‘चौकट राजा’ लावा. दिलीप प्रभावळकरांच्या नंदूकडे सगळं जग बघतं आणि बघायलाच हवं. तुम्ही मामांच्या गणाकडे बघा. वस्तीतला साधा माणूस, स्वतःचं फारसं काही नसलेला, नंदूला आपला म्हणून सांभाळणारा. नंदू फ्रेममध्ये असताना गणा मागे उभा राहून काय करतो, त्याचे हात कुठे असतात, नंदू घाबरला की त्याची नजर आधी कुणाकडे वळते, ते बघा. घरात लहान मुलं असतील तर त्यांनाही शेजारी बसवा आणि त्यांनी विचारलं, हे कोण, तर सांगा.